माटुंग्याचे सभागृह आणि कोकणचा फणस

मालवणच्या महाविद्यालयाला स. का. पाटील यांचे नाव आहे, तर वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयाला बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांचे. या दोन्ही नावांमागील कर्तृत्व सिंधुदुर्गातील बहुतेक शिक्षक सांगू शकतात. पहिले मुंबईचे महापौर व पुढे केंद्रीय मंत्री झाले; दुसरे शिक्षणक्षेत्रात झिजले. मात्र ज्या मुंबई विद्यापीठाशी ही महाविद्यालये संलग्न आहेत, एकेकाळी त्याच विद्यापीठाचा विभाग असलेल्या एका संस्थेत एका रसायनशास्त्रज्ञाचे नाव धारण करणारे सभागृह उभे आहे आणि त्या नावाचा कोकणातील फणसाच्या झाडाशी निकटचा संबंध आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मुंबईत माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेतील ते सभागृह प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन यांच्या नावाने ओळखले जाते. नित्याच्या बोलण्यात ते 'के. व्ही. सभागृह' झाले आहे. दोन आद्याक्षरे उरली आणि नाव मागे पडले, असा प्रकार अनेक वास्तूंच्या बाबतीत घडतो. म्हणूनच या नावाचा थोडा अभ्यास करणे उचित ठरेल.

विभागाची स्थापना

मुंबई हे कापडगिरण्यांचे शहर होते. कापड विणण्याची यंत्रे व ती चालविणारे कुशल कामगार शहरात होते. परंतु कापड विरंजित करणे, रंगविणे व छापणे या कामांसाठी लागणारे रसायनज्ञ आणि रंगद्रव्ये बहुतांशी परदेशांतून येत. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीहून येणारा रंगांचा पुरवठा एकाएकी थांबला, तेव्हा या परावलंबनाची पहिली मोठी जाणीव झाली. ज्या देशाने शतकानुशतके जगाला नीळ पुरविली, त्या देशाच्या गिरण्या परदेशी रंगांच्या डब्यांची वाट पाहत बसल्या होत्या.

या पार्श्वभूमीवर १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू केला. वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे आरंभीचे प्रमुख अभ्यासक्रम होते. विभागाचे पहिले प्रमुख प्रा. रॉबर्ट फॉर्स्टर हे होते. प्रारंभीची काही वर्षे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या वास्तूत काढल्यानंतर १९४३ साली विभाग माटुंग्यास स्वतःच्या जागेत आला. पुढे विभागाला स्वायत्तता मिळाली आणि २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. आज जिला रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखतात, ती हीच होय. २००८ पर्यंत ती मुंबई विद्यापीठाचाच एक भाग होती, हे कोकणच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वेंकटरामन यांची जडणघडण

वेंकटरामन यांचा जन्म १९०१ साली मद्रास येथे झाला. तेथील शिक्षण पूर्ण करून ते इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे गेले. तेथे त्यांना प्रा. रॉबर्ट रॉबिन्सन यांचे मार्गदर्शन लाभले. वनस्पतींतील रंगद्रव्ये व इतर नैसर्गिक संयुगे यांच्या रेणूंची रचना उलगडणे हा रॉबिन्सन यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि त्याच कार्यासाठी त्यांना १९४७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मँचेस्टर हे कापडधंद्याचे जगप्रसिद्ध केंद्र होते. त्यामुळे झाडाच्या सालीतील रंग आणि गिरणीच्या हौदातील रंग ही एकाच शास्त्राची दोन रूपे आहेत, हा धडा वेंकटरामन यांना तरुणपणीच मिळाला.

मायदेशी परतल्यावर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अल्पकाळ काम करून ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करू लागले. त्या काळी भारतीय महाविद्यालयांतील प्रयोगशाळांची साधने अगदीच तुटपुंजी असत. तरीही, ज्या संशोधनामुळे त्यांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले, ते याच महाविद्यालयात झाले. त्यांचे सहकारी महाल आणि ते स्वतः यांनी १९३३-३४ च्या सुमारास एका विशिष्ट रासायनिक पुनर्रचनेचा शोध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन बेकर हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत आले. त्यामुळे ही अभिक्रिया 'बेकर-वेंकटरामन पुनर्रचना' या नावाने ओळखली जाते.

सामान्य वाचकास समजेल अशा शब्दांत सांगावयाचे तर ती अशी आहे. काही संयुगांत अणूंचा एक गट ऑक्सिजनच्या आधाराने रेणूला जोडलेला असतो. अल्कलीच्या सान्निध्यात हा गट ऑक्सिजनची साथ सोडून शेजारच्या कार्बनला जाऊन मिळतो. असे नवे संयुग नंतर आम्लाच्या साहाय्याने वलयाकार बंद केले म्हणजे 'फ्लेवोन' या वर्गातील पदार्थ तयार होतो. फुले, फळे, साली आणि लाकूड यांतील कित्येक पिवळी रंगद्रव्ये याच कुळातील आहेत. निसर्ग झाडात जे घडवितो त्याच्या जोडीचा रेणू प्रयोगशाळेत घडविण्याची एक खात्रीची वाट या शोधाने मिळाली. आज नव्वद वर्षांनंतरही औषधी संयुगांवर काम करणारे संशोधक ती वाट चोखाळतात.

संस्थेचे शिल्पकार

१९३४ साली वेंकटरामन मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागात आले. १९३८ साली ते विभागाचे संचालक झाले. या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत. १९५७ पर्यंत, म्हणजे सुमारे एकोणीस वर्षे, त्यांनी ही धुरा वाहिली. या काळात दुसरे महायुद्ध आले, रंगांचा पुरवठा पुन्हा तुटला, देश स्वतंत्र झाला आणि स्वदेशी रंगोद्योगाची पायाभरणी झाली. गुजरातमध्ये वलसाडजवळ 'अतुल' हा कारखाना १९४७ साली स्थापन झाला आणि १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. असे कारखाने उभे राहत असताना त्यांत काम करणारी माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर मुंबईच्या विभागाने दिले. विद्यार्थ्याने पुस्तक वाचावे, प्रयोग करावा आणि कारखान्यात जाऊन तोच प्रयोग मोठ्या भांड्यात कसा वागतो तेही पाहावे, या रीतीने शिकलेली पिढी येथून बाहेर पडली.

१९५२ साली वेंकटरामन यांचा 'कृत्रिम रंगद्रव्यांचे रसायनशास्त्र' या विषयावरील इंग्रजी ग्रंथ न्यूयॉर्कहून दोन खंडांत प्रसिद्ध झाला. तोवर या विषयाची बरीचशी माहिती कारखान्यांच्या कपाटांत आणि एकस्वांच्या कागदपत्रांत विखुरलेली होती. ती एकत्र करून तिची शास्त्रशुद्ध मांडणी करण्याचे काम भारतातील एका प्राध्यापकाने केले. पुढे निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांच्या सहकार्याने त्यांनी या ग्रंथमालेचे आणखी खंड संपादित केले आणि १९७८ पर्यंत तिचे आठ खंड झाले. ज्या क्षेत्रात देश परावलंबी होता, त्याच क्षेत्राचा प्रमाणग्रंथ त्या देशातून लिहिला जावा, ही घटना लक्षणीय आहे.

१९५७ साली त्यांची पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संचालकपदी नियुक्ती झाली. १९५० साली सुरू झालेल्या या प्रयोगशाळेचे पहिले दोन संचालक, मॅकबेन आणि फिंच, हे परदेशी होते. वेंकटरामन हे तिचे पहिले भारतीय संचालक. १९६६ पर्यंत ते या पदावर होते. १९६१ साली त्यांना 'पद्मभूषण' या किताबाने गौरविण्यात आले. १९८१ साली त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मितीही त्याच वर्षी झाली.

त्यांच्यानंतर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक यांनी सांभाळली. टिळक हे मुंबईच्या याच विभागात शिकलेले व शिकविलेले रसायनज्ञ. निवृत्तीनंतर त्यांनी ग्रामीण विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे उपयोजन करण्याच्या कार्यास वाहून घेतले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हेही याच विभागाचे विद्यार्थी आणि पुढे त्याच प्रयोगशाळेचे संचालक. वेंकटरामन यांच्याकडे पीएच.डी. केलेले डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी हैदराबादच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे नेतृत्व केले. शिक्षकाचे खरे स्मारक म्हणजे त्याचे विद्यार्थी, हे वचन येथे अक्षरशः खरे ठरते.

फणसाच्या लाकडातील पिवळा रंग

आता कोकणच्या संबंधाकडे वळू. कृत्रिम रंगांवर ग्रंथ लिहिणाऱ्या वेंकटरामन यांनी नैसर्गिक रंगद्रव्यांकडे कधीच पाठ फिरविली नाही. पुण्यास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या झाडांचा कसून अभ्यास केला, त्यांत फणस प्रमुख होता.

कोकणातील सुताराला फणसाचे लाकूड चांगले परिचयाचे असते. झाड तोडल्यावर आतील गाभा पिवळाधमक दिसतो व काळानुसार तो तांबूस-तपकिरी होत जातो. या लाकडाला वाळवी सहसा लवकर लागत नाही, म्हणून दारे, देव्हारे आणि वाद्ये यांसाठी ते पसंत केले जाते. आग्नेय आशियातील बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगविण्यासाठी फणसाच्या गाभ्याचा काढा वापरण्याची परंपरा आहे. या पिवळ्या रंगामागे 'मोरिन', 'आर्टोकार्पिन' इत्यादी फ्लेवोन कुळातील संयुगे आहेत. 'आर्टोकार्पस' हे फणसाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव. त्यावरूनच 'आर्टोकार्पिन' हे नाव पडले. पुण्याच्या प्रयोगशाळेत या संयुगांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या रेणूंची रचना निश्चित करण्याचे काम झाले. लाहोरला सापडलेली फ्लेवोनची वाट अशा रीतीने फणसाच्या बुंध्यापर्यंत येऊन पोचली.

सह्याद्रीत आढळणाऱ्या, कोकमाच्याच प्रजातीतील 'गार्सिनिया मोरेला' या झाडाच्या बियांतील 'मोरेलिन' हे रंगद्रव्यही त्यांच्या अभ्यासाचा विषय होते. लाखेतील तांबड्या रंगाच्या रासायनिक घटकांवरही त्यांच्या गटाने काम केले. या संशोधनाने बाजारात लगेच नवा माल आला असे नाही. मात्र आपल्या परसातील झाडात नेमके काय आहे, हे प्रथम निश्चितपणे कळले. उपयोगाचा विचार त्यानंतरच करता येतो.

किनाऱ्यावरील रसायने

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर रसायनशास्त्र पावलोपावली भेटते. पूर्वी मालवणचे मच्छीमार सुती व तागाची जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून काढीत. सालीतील टॅनिन धाग्यावर बसले म्हणजे खाऱ्या पाण्यात जाळे लवकर कुजत नसे. नायलॉनची जाळी आली आणि ही रीत मागे पडली. एका रसायनाची जागा दुसऱ्या रसायनाने घेतली. पहिले गावात तयार होत होते व त्याची कृती मच्छीमाराला तोंडपाठ होती. दुसरे कारखान्यातून येते, आणि फाटलेले नायलॉनचे जाळे समुद्रात वर्षानुवर्षे तसेच राहते. कोणताही बदल स्वीकारताना त्याचे लाभ व त्याची किंमत दोन्ही समजून घेण्यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

काजूचे उदाहरण याहून अधिक महत्त्वाचे. काजूबीच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश भाग टरफलाचा असतो आणि टरफलाच्या वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा तेल असते. हे तेल कातडीला लागले तर फोड येतात, म्हणून काजू फोडणाऱ्या स्त्रिया हाताला राख किंवा तेल चोळतात. या दाहाचे कारण असलेले 'ॲनाकार्डिक आम्ल' तापविले असता त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 'कार्डेनॉल' हा पदार्थ मिळतो. फॉर्माल्डिहाइडशी त्याचा संयोग घडविला म्हणजे उष्णता सहन करणारी राळ तयार होते. मोटारींच्या ब्रेकची अस्तरे, रंगरोगणे व जलरोधक लेप यांत ती वापरली जाते. गर अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात भरून विकला जातो, आणि टरफले मात्र पुष्कळदा जळणाच्या भावाने जातात. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती देऊन बागाईतदाराचे उत्पन्न वाढविले. त्या बागेतील टरफलाचे मोल वाढविणे हे रसायनशास्त्राचे काम आहे आणि ते अद्याप पुरते झालेले नाही.

कोकमाचेही तसेच. सालीतील लाल रंग 'ॲन्थोसायनिन' गटातील रंगद्रव्यांचा आहे. त्याच सालीत 'गार्सिनॉल' हे पिवळे संयुग आणि हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. बियांतून मिळणारे कोकमतेल घट्ट राहते आणि भेगा पडलेल्या टाचांना ते लावण्याचा प्रघात घरोघर आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही कोकमाची जात विकसित केली. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकनही लाभले आहे. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. माल टिकविणे, त्याचा रंग न उतरू देणे आणि त्यातील घटक वेगळे काढणे यासाठी मात्र प्रशिक्षित माणसे लागतात.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. कोकणातील हुशार विद्यार्थी मुंबईस जातो, रसायनशास्त्र शिकतो आणि बहुधा तेथेच किंवा त्याहून दूर स्थिरावतो. कच्चा माल गावातून जातो आणि त्याच्या पाठोपाठ तो माल समजणारा माणूसही जातो. पूर्वी जर्मनीचे रंग आणि भारताच्या गिरण्या यांत जे अंतर होते, तेच आज प्रयोगशाळा आणि परसबाग यांत आहे. पहिले अंतर एका पिढीने कष्टपूर्वक कमी केले. दुसरे कमी करण्यास शाळेपासून आरंभ करावा लागेल.

शाळेत करण्याजोगे तीन प्रयोग

माध्यमिक शाळेत फारशा खर्चाशिवाय पुढील प्रयोग करता येतील.

१. कोकमाची वाळलेली साल कोमट पाण्यात भिजवून लाल पाणी काढावे व ते भरपूर पाण्याने पातळ करावे. एका पेल्यात लिंबाचा रस घालावा, दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने टाकावे. पहिल्यात लाल रंग टिकतो. दुसऱ्यात तो जाऊन निळसर-हिरवट छटा येते. आम्ल व अल्कली यांची ओळख लिटमस कागदाशिवायही करून देता येते. हळदीचे पाणी घेऊन त्याची तुलना करावी.

२. सुताराकडून फणसाच्या गाभ्याचा भुसा आणून तो पाण्यात तासभर उकळावा व काढा गाळून घ्यावा. सुती कापडाचे तीन तुकडे घ्यावेत. पहिला तसाच, दुसरा तुरटीच्या पाण्यात भिजवून आणि तिसरा आधी हिरड्याच्या पाण्यात व मग तुरटीच्या पाण्यात भिजवून काढ्यात बुडवावा. वाळल्यावर तिन्ही धुऊन पाहावेत. कोणत्या तुकड्यावर रंग अधिक टिकला, याची नोंद विद्यार्थ्यांनीच करावी. रंग असणे वेगळे आणि रंग कापडाला धरून राहणे वेगळे, हे रंगशास्त्राचे पहिले सूत्र यातून आपोआप समजते.

३. रंगविलेल्या तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो आठ दिवस उन्हात ठेवावा. उघडा भाग किती फिका पडला ते पाहावे. नैसर्गिक रंग सर्वच बाबतीत श्रेष्ठ किंवा कृत्रिम रंग सर्वच बाबतीत वाईट, अशी सरधोपट मते या प्रयोगापुढे टिकत नाहीत.

काजूच्या टरफलाचे तेल दाहक असल्याने त्याचा प्रयोग शाळेत करू नये. दुसऱ्या प्रयोगातील उकळण्याचे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे.

नाव देणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायती, पंचायत समित्या आणि शिक्षणसंस्था दरवर्षी कितीतरी खोल्या, वाचनालये आणि सभागृहे बांधतात व त्यांना नावे देतात. नामकरणाचा समारंभ थाटाने होतो, कोनशिला बसते आणि काही वर्षांत ते नाव केवळ पत्ता सांगण्यापुरते उरते. हे टाळण्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. नावाखाली त्या व्यक्तीचा काळ आणि कार्य सांगणारी चार ओळींची पाटी असावी. ती पाटी शाळेतील विद्यार्थ्यांनी माहिती जमवून लिहावी आणि मुख्याध्यापकांनी तपासावी. वर्षातून एक दिवस त्या व्यक्तीच्या कार्यक्षेत्राशी निगडित एखादा उपक्रम त्या वास्तूत व्हावा. शास्त्रज्ञाचे नाव असेल तर प्रयोग व्हावा, लेखकाचे असेल तर वाचन व्हावे.

नावे निवडतानाही दृष्टी थोडी व्यापक ठेवण्यास हरकत नाही. जिल्ह्यात जन्मलेल्या व्यक्तींचा मान प्रथम, हे योग्यच. परंतु मद्रासेत जन्मलेल्या, लाहोरात शोध लावलेल्या, मुंबईत संस्था घडविलेल्या आणि पुण्यात फणसाचे अंतरंग उलगडलेल्या माणसावर कोकणचाही काही हक्क पोचतो. ज्या शाळेच्या आवारात फणस आहे, तिने आपल्या विज्ञानखोलीस त्यांचे नाव दिले तर ते अप्रस्तुत ठरणार नाही.

वेंकटरामन यांनी संचालकपद स्वीकारले तेव्हा विभागास स्वतःची वास्तूही नव्हती. ती पाच वर्षांनी झाली. शोध लागला तेव्हा तर साधनेही बेताचीच होती. आधी काम झाले, मग वास्तू उभी राहिली आणि सर्वांत शेवटी वास्तूला नाव मिळाले. विकासकार्यात गुंतलेल्या प्रत्येकाने हा क्रम लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. सिंधुदुर्गातील एखाद्या माध्यमिक शाळेत फणसाच्या काढ्यात कापडाचा तुकडा बुडविणारी विद्यार्थिनी उद्या काजूच्या टरफलाचा किंवा कोकमाच्या सालीचा प्रश्न सोडवील आणि तो आपल्याच तालुक्यात राहून सोडवील, तर माटुंग्याच्या सभागृहावरील त्या दोन आद्याक्षरांचा अर्थ कोकणाला पुरता उमगला असे म्हणता येईल.